धुळीतल्या माइट्सचा बंदोबस्त: सुरुवात गादीपासून

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागत असेल, तर पडद्यांआधी गादीवर संशय घ्या. माइट म्हणजे घरातल्या धुळीत राहणारा, कोळ्याच्या कुळातला बारीक जीव. तो जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. तो चावत नाही, त्रास होतो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. म्हणूनच नुसतं मारून भागत नाही. माइट मेला तरी विष्ठा तिथेच राहते.

गादी आणि उशा सहाही बाजूंनी बंद होणाऱ्या, झिपच्या कव्हरात घाला. कापडाची विण इतकी घट्ट हवी की छिद्रं 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतील. वरून अंथरायचं, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेलं कव्हर इथे कामाचं नाही, खालची बाजू उघडीच राहते. गळती बहुधा झिपच्या टोकाशी होते, तिथे चिकटपट्टी लावा. शेजारी दुसरी गादी असेल तर तिलाही कव्हर हवंच, एकीला घालून दुसरी उघडी ठेवणं म्हणजे पैसे वाया.

चादरी, अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात विष्ठा बरीचशी निघून जाते, पण माइट्स तगतात. गरम पाणी न सोसणारी मऊ खेळणी पिशवीत बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा आणि मग धुवा. हे धुणं टाळलं तर फ्रीझरचा खटाटोप फुकट.

कोरडा झाडू आणि फडक्याने झटकणं बंद. धूळ वर उडते, खाली बसायला अर्धा तास घेते, तोवर ती नाकात. ओल्या फडक्याने वरून खाली पुसत या: आधी पंख्याची पाती, शेवटी फरशी. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचाच (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) घ्या, नाहीतर बारीक कण मागून पुन्हा खोलीत येतात. ॲलर्जी असलेल्याने त्या वेळी खोलीबाहेर थांबावं. गालिचा काढता आला तर काढाच. एअर प्युरिफायरवर मात्र फार भिस्त ठेवू नका: माइट्सच्या विष्ठेचे कण त्या मानाने जड असतात, हवेत फार वेळ टिकत नाहीत.

झोपायच्या खोलीत आर्द्रतामापक ठेवा. आकडा सतत 50 टक्क्यांखाली राहिला तर माइट्स सुकत जातात. तिथे ओले कपडे वाळत घालू नका, आणि उठल्यावर पांघरूण लगेच गादीवर पसरू नका, रात्रीची ओल उडू द्या. फरक जाणवायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर डॉक्टरांनी दिलेली औषधं चालूच ठेवा.