टेपरवर जाम झालेलं ओबीएमचं फ्लायव्हील काढताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वरळी, माहीम, वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत होड्या वर ओढून ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं इंजिन, खोलायला घेतात. काम अडतं ते बहुतेक वेळा फ्लायव्हीलपाशी, म्हणजे क्रँकच्या वरच्या टोकावरच्या जड चाकापाशी. नट निघतो, फ्लायव्हील हलत नाही. ते क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) पकडलेलं असतं, नट फक्त त्याला वरून दाबून ठेवतो. त्यात खारा वारा लागून गंज धरला की पकड दुप्पट वाटते.

आधी पेट्रोल-रॉकेलचे पाइप सोडवून बाजूला घ्या, स्पार्क प्लग काढा, बॅटरी असेल तर तिची वायर काढा. रस्सीचा स्टार्टर वरून उतरवा. फ्लायव्हीलच्या भोकांत पिना बसवणारा होल्डर लावून नट सैल करा. दातांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवू नका, दात तुटतो. होल्डर नसेल तर पिस्टन एक्झॉस्ट पोर्ट बंद करण्याइतका वर आणा आणि मगच प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी भरा, म्हणजे पिस्टन अडून क्रँक फिरत नाही. पिस्टन खाली असताना दोरी घातली तर ती पोर्टमध्ये शिरून कापली जाते.

वॉशर काढून नट परत चढवा, शाफ्टच्या टोकाशी बरोबर समपातळीत. त्यामुळे आटे दबत नाहीत आणि सुटलेलं फ्लायव्हील उडून अंगावर येत नाही. टेपरच्या फटीत गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा.

पुलर, म्हणजे फ्लायव्हील ओढून काढायचं हत्यार, प्लेटचाच हवा. तीन बोल्ट फ्लायव्हीलच्या मधल्या आट्यांच्या भोकांत बसतात. तीन पायांचा पुलर कडेला लावून ओढलं की कड वाकते, चुंबक तडकतात. भोकं बहुतेक ८ मिलिमीटरची असतात, पण मशीनप्रमाणे बदलतात. नमुन्याचा बोल्ट हाताने फिरवून बघूनच नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जा आणि ८.८ किंवा वरच्या ग्रेडचेच बोल्ट घ्या. १.२५ पिचचा बोल्ट किमान ६-७ फेरे आत जायला हवा. कमी गेला तर आटे उपटून येतात. फार लांब असेल तर खालच्या कॉइलवर टेकतो, आणि तुम्ही पुलर आवळताय म्हणता तेव्हा प्रत्यक्षात कॉइल चिरडत असता.

प्लेट तिन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे ना, पट्टी लावून बघा. मधला बोल्ट घट्ट आवळा आणि त्याच्या डोक्यावर अर्ध्या किलोच्या हातोड्याने सरळ, नेमका एक ठोका द्या. सुटलं नाही तर पाव फेरा आणखी, पुन्हा एक ठोका. ताण आणि झटका एकत्र बसला की टेपर सुटतो; नुसत्या घणाने मार क्रँकच्या बेरिंगवर जातो. वर गोणपाट टाकून ठेवा, तोंड मशीनवर आणू नका. सुटताना ‘टण्ण’ असा मोठा आवाज येतो.

तरीही अडलं तर पुलर ताणलेला ठेवून फक्त मधला भाग गरम हवेच्या गनने तापवा. पाण्याचा थेंब चुरचुरला की थांबा. गॅसची ज्योत अजिबात नको: जवळ इंधनाची वाफ असते, आणि आतले चुंबक डिंकाने चिकटवलेले असतात.

काढलेलं फ्लायव्हील चुंबकाची बाजू वर करून स्वच्छ कापडावर ठेवा. गॅरेजच्या जमिनीवर ठेवलं की लोखंडाचा कीस, कधी अख्खा वॉशर आत चिकटतो आणि मशीन सुरू होताच कॉइल खरवडतो.

क्रँक आणि फ्लायव्हीलच्या खाचेत बसणारी छोटी चावी नीट बघा. कडेला पायरी पडली असेल तर बदलाच. अर्धा मिलिमीटर सरकली तरी टायमिंग बिघडतं आणि रस्सी हाताला उलटा झटका देते. टेपरवर ओरखडे असतील तर चावी काढून व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावा आणि फ्लायव्हील हाताने मागेपुढे घासा, सगळीकडे सारखा राखाडी रंग येईपर्यंत. मग पेस्ट पूर्ण धुऊन टेपर कोरडा पुसा. बसवताना ग्रीस लावू नका. जोर टेपरच्या कोरड्या पकडीने पेलायचा असतो, ग्रीसवर फ्लायव्हील जास्त खाली चढतं आणि मधला भाग तडकू शकतो. नट मॅन्युअलमधल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळा, मग प्लग लावण्याआधी हाताने दोन फेरे फिरवून कुठे घासतंय का ते ऐका.