मैदा-मिठाचे सजावटीचे मोदक तडकतात, ओलसर होतात? माझा अनुभव

गौरी-गणपतीच्या आराशीसाठी मी मैदा-मिठाचे नकली मोदक करते. दोन दिवसांत कळ्यांपाशी तडे जायचे, नंतर भाद्रपदातल्या दमट हवेत ते ओलसर, चिकट व्हायचे. उन्हात वाळवले, तडे वाढले. मीठ कमी केलं तर बुरशी आली. तिसऱ्या वर्षी अक्षरशः रडू आलं.

चूक भरीव मोदक करण्यात होती. बाहेरची बाजू आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते.

आता 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी घेते. 10 मिनिटं मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवते. साच्याला टाल्कम पावडर लावून, खऱ्या मोदकाच्या पारीसारखा गोळा आतून दाबते: जाडी सगळीकडे साधारण 5 मिलिमीटर, आत पोकळ, तळ उघडा. रात्रभर सावलीत, पंख्याशिवाय. मग ओव्हनमध्ये 100 अंश सेल्सिअसवर 2 तास, मध्ये एकदा उलटून. पूर्ण गार झाल्यावर रंग; तो वाळला की वॉर्निशचे दोन हात, आतून आणि तळाच्या कडेलाही. आतली बाजू सोडू नका, मीठ तिथूनच हवेतला ओलावा ओढतं.

यंदा 21 मोदक विसर्जनापर्यंत कोरडे राहिले. नैवेद्याच्या ताटापासून मात्र लांब ठेवा, लहान मुलं सहज तोंडात घालतात.