मोठी डिश असून सिग्नल कमी? गेन खाणाऱ्या या चुका टाळा

“आठ फुटीवर सिग्नल कमी येतोय, दहा फुटी बसवू का?” कोल्हापुरात केबलवाल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. आधी हिशेब बघा. आठाची दहा फूट केल्यावर गेन, म्हणजे डिशची सिग्नल एकवटण्याची ताकद, वाढतो जेमतेम 2 डीबी (डेसिबल; 3 डीबी गेले की सिग्नल निम्मा). उलट डिशचा पृष्ठभाग सरासरी 5 मिमी आकाराबाहेर असेल, तर 4 गिगाहर्ट्झच्या सी बँडवर (उपग्रहाच्या कमी वारंवारतेच्या पट्ट्यावर) 3 डीबी आधीच गेलेले असतात. केयू बँडचं, म्हणजे 12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याचं, तर नावच नको. तिथे 2 मिमीची चूकसुद्धा 4 डीबीहून जास्त खाते.

म्हणून पहिली तपासणी पिळाची. डिशच्या पाकळ्या (सुटे तुकडे) जोडताना एकेक बोल्ट गच्च आवळत गेलं की डिश पिळते. सगळे बोल्ट ढिले ठेवून आकार जमवा, मग समोरासमोरचे आवळा. नंतर कडेला दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणून बांधा. मध्ये त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट दिसली किंवा वरची खालचीला दाबत असली, तर डिश पिळलेली समजा. पत्र्यातला पोचा मात्र दोरीला कळत नाही. त्यासाठी प्लायवूडचा वक्र साचा कापून आतून फिरवावा लागतो.

दुसरी चूक म्हणजे एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, अंदाजाने लावणं. व्यासाचा वर्ग भागिले सोळा पट खोली, हे फोकसचं अंतर. 240 सेमी व्यास आणि 40 सेमी खोली असेल तर फोकस येतो 90 सेमीवर, म्हणजे एफ/डी (फोकसचं अंतर भागिले व्यास) 0.375. फीडची (एलएनबीच्या डिशकडे बघणाऱ्या तोंडाची) रिंग त्याच खुणेवर हवी. फीडने डिशच्या कडेपलीकडे पाहिलं तर जमिनीचा नॉईज आत येतो. कडेपर्यंत पाहिलंच नाही तर विकत घेतलेला पत्रा वाया.

डिश जाळीची असेल तर जाळीचं भोक तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षा लहान ठेवा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर डिशांना 10 ते 20 मिमीची जाळी चालते, कारण त्या दीड गिगाहर्ट्झच्या खाली काम करतात. ते बघून आपल्या केयू डिशला तसली जाळी लावू नये.

आणि हो, पावसाळा. 83 अंश पूर्वेच्या जीसॅट-30 उपग्रहासाठी कोल्हापुरात डिश साधारण 68 अंश वर बघते, जवळजवळ परातीसारखी. पत्र्याच्या डिशमध्ये पाणी साचतं ते मधोमध नाही, मध्यापासून खालच्या कडेकडे. निचऱ्याचं भोक तिथेच पाडा आणि जुलैत पालापाचोळ्याने बुजलंय का ते बघत राहा.