हात वर जातो, पण भांडं धरवत नाही: स्ट्रोकनंतरच्या सरावातल्या या चुका टाळा

स्ट्रोकमधून सावरून माणूस घरी आला की घरात व्यायामाचं वेळापत्रक लागतं. दोन-तीन महिने जातात आणि मग हमखास ऐकू येतं, "बाबा सगळं नियमित करतात. हात वर जातो, खाली येतो, पण कामाला काही येत नाही." अशा वेळी दोष आळसाचा नसतो, नशिबाचाही नसतो. बहुतेकदा हात हलवण्याचा व्यायाम झालेला असतो, हात वापरायला शिकायचं मात्र राहून गेलेलं असतं.

"रोज शंभर वेळा वर-खाली करतो"

हा फरक नेमका कुठे आहे हे कळायला रँडॉल्फ न्यूडो या मेंदूशास्त्रज्ञाचे प्रयोग बघावेत. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्क्विरल जातीच्या माकडांपुढे खळगे असलेली एक फळी ठेवली. खळगे लहान-मोठे आणि प्रत्येकात खाऊची बारीक गोळी. सर्वात लहान खळग्यात जेमतेम एखाद-दुसरं बोट जातं. सुरुवातीला गोळी निसटते, माकड पुन्हा बोट घालतं, कोन बदलून बघतं आणि पुढे पुढे एका झटक्यात गोळी उचलायला लागतं.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माकडांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हालचालींचा हुकूम सोडणाऱ्या भागात, हाताच्या जागेवर छोटी इजा केली होती. चांगला हात अडकवून ठेवून दुखऱ्या, म्हणजे इजेमुळे अधू झालेल्या, हाताला या खळग्यांचं काम दिलं, तेव्हा इजेच्या शेजारची हाताची शाबूत जागा टिकली. काही माकडांत ती कोपर आणि खांद्याच्या हद्दीतही पसरली. त्याआधीच्या, सराव न दिलेल्या माकडांत हीच शाबूत जागा आक्रसली होती.

खरी मेख २००० सालच्या अभ्यासात आहे. इथे माकडं धडधाकट होती आणि त्यांना फक्त मोठ्या खळग्यातून गोळ्या उचलायला लावलं. बोटांची हालचाल भरपूर झाली, पण ते काम त्यांना आधीपासूनच जमत होतं. मेंदूतल्या नकाशात, म्हणजे कुठल्या अवयवाला किती जागा मिळते यात, म्हणण्यासारखा बदल दिसला नाही.

शंभर वेळा हात वर-खाली करणं हे मोठ्या खळग्याचं काम आहे. सांधे मोकळे राहायला ते उपयोगी पडतं, त्यामुळे बंद करू नका. पण त्याला सराव समजू नका. माझा ढोबळ नियम असा: दहापैकी दहा वेळा जमत असेल तर काम बदला, वस्तू लहान करा, लांब ठेवा किंवा निसरडी घ्या. दहापैकी नऊ वेळा फसत असेल तर एक पायरी खाली या. सहा-सात वेळा जमतंय आणि बाकी वेळा चुकतंय, तिथे शिकणं चालू असतं.

आकड्यांबद्दल इथेच सांगतो. पुनर्वसनावर संशोधन करणाऱ्या कॅथरीन लँग यांच्या गटाने थेरपीच्या ३१२ सत्रांचं निरीक्षण केलं (२००९). हाताच्या कामांचा सराव ज्या सत्रांत होता, तिथेही सरासरी ३२ आवर्तनं भरली. प्राण्यांच्या प्रयोगांत ती शेकड्यांनी असतात. त्यामुळे "वाढवा, वाढवा" असा सूर लागला आणि तो चुकीचाही नाही. पण याच गटाने २०१६ साली जुन्या स्ट्रोकच्या रुग्णांत ३,२००, ६,४०० आणि ९,६०० आवर्तनांची तुलना केली, तेव्हा जास्त आकड्याच्या गटाला जास्त फायदा झालेला दिसला नाही. म्हणून वहीत नुसत्या रेघा मारत बसू नका. रेघेपुढे आज काय जमलं, काय निसटलं, तेही लिहा.

रबरी चेंडू दाबत बसणं

नातेवाईक भेटायला येतात आणि चेंडू देऊन जातात. कोणी आणला की नाही म्हणवत नाही. पण बहुतेक रुग्णांत अडचण मूठ वळण्याची नसतेच, ती उघडण्याची असते. बोटं आधीच आत वळून ताठ होत असतील, तर चेंडू जे येतं तेच घोटवून घेतो. धरलेली वस्तू ठरलेल्या जागी सोडणं, पान उलटणं, टेबलावर पालथा हात सरकवत बोटं पसरणं, ही कामं जास्त मोलाची.

ग्लासापर्यंत हात पोचला, पण कसा?

समोर ग्लास ठेवा, दुखऱ्या हाताने घ्यायला सांगा आणि बाजूने बघा. पुष्कळदा हात फार लांबतच नाही. कंबरेपासून धड पुढे झुकतं, खांदा कानाकडे चढतो, कोपर बाहेर फेकलं जातं आणि अख्खं शरीर हाताला ग्लासापर्यंत नेऊन सोडतं. घरचे टाळ्या वाजवतात. रुग्णालाही वाटतं, जमलं. मेंदू मात्र कोपर सरळ करायला शिकलेला नसतो, तो कोपराशिवाय भागवायला शिकलेला असतो. एकदा ही सवय पक्की झाली की मोडणं कठीण.

उपाय सोपा आहे. पाठ खुर्चीला टेकलेली ठेवायची, ग्लास जवळ आणायचा आणि पाठ न सुटता तो घेता आला की थोडा लांब सरकवायचा. ज्यांच्या हातात फार कमी ताकद परतली आहे, त्यांनी मात्र झुकून का होईना काम उरकलं तर त्यात गैर नाही. कोणाला कुठपर्यंत ताणायचं हे थेरपिस्टने ठरवावं.

चांगल्या हाताने सगळं उरकणं

हे होणारच, कारण घाई असते. पण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांत दाखवून दिलं होतं की न वापरलेला हात हळूहळू विस्मरणात जातो, अगदी त्याच्यात हलण्याची क्षमता उरलेली असली तरी. त्यावरून चांगल्या हाताला मिटन (बोटं वापरू न देणारा जाड हातमोजा) घालून दुखऱ्या हाताला कामाला लावायची पद्धत निघाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एक्साइट चाचणीत, स्ट्रोकला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ जणांवर ती तपासली आणि फायदा दिसला. पुढे मेंदूशास्त्रज्ञ थेरेसा जोन्स यांच्या उंदरांवरच्या कामातून आणखी एक गोष्ट कळली: इजेनंतर नुसत्या चांगल्या पंजाला कौशल्य शिकवलं, तर दुखऱ्या पंजाची सुधारणा मागे पडते.

पण म्हणून कोणी उठून घरीच चांगला हात बांधून टाकू नये. ही पद्धत मनगट आणि बोटं थोडी तरी उघडणाऱ्यांसाठीच आहे, आणि तोल जाणाऱ्या माणसाचा चांगला हात अडकवणं म्हणजे पडायला आमंत्रण. घरी एवढं पुरे: दिवसातली दोन-तीन ठरावीक कामं फक्त दुखऱ्या हाताची. दिव्याचं बटण, दाराची कडी, टॉवेल उचलणं. त्यात मदत करायची नाही, कितीही वेळ लागो.

पहिल्याच दिवसापासून झोडपणं

उंदरांत इजेनंतरच्या पहिल्या आठवड्यात चांगला पाय बांधून दुखऱ्या पायावर सगळा भार टाकला, तेव्हा मेंदूतली जखमच मोठी झाली. माणसांतल्या अव्हर्ट चाचणीत (२०१५, २,१०४ रुग्ण) पहिल्या २४ तासांत उठवून वारंवार, जास्त वेळ चालतं-फिरतं केलेल्या गटाची ३ महिन्यांनंतरची स्थिती नेहमीची काळजी घेतलेल्या गटापेक्षा कमी चांगली निघाली. लवकर उठवावं, पण थोडं थोडं आणि हॉस्पिटलच्या सल्ल्याने.

"सहा महिने झाले, आता काही होत नाही"

हे वाक्य कुटुंबांना कोण सांगतं कोण जाणे, पण पसरलंय खरं. सुरुवातीचा काळ जास्त सुपीक असतो, हे बरोबर. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७२ रुग्णांचे गट करून २० तासांची जादा थेरपी वेगवेगळ्या वेळी दिली. सर्वाधिक फायदा २ ते ३ महिन्यांच्या टप्प्यावर दिसला, ६ महिन्यांनंतर सुरू केलेल्यांत तो दिसला नाही. पण २० तास म्हणजे किती कमी! लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलात जुन्या स्ट्रोकच्या २२४ रुग्णांना ३ आठवड्यांत ९० तासांची थेरपी दिली. हात सुधारले आणि ६ महिन्यांनीही सुधारणा टिकून होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे खरं. तरी उशीर झालेल्यांनी हात सोडून देण्याऐवजी तास वाढवायची सोय बघावी.

गोळीने हात परत येईल ही आशाही अधूनमधून उठते. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीबद्दल २०११ सालच्या छोट्या चाचणीने ती उठवली होती. २०१८ सालच्या फोकस चाचणीत ३,१२७ रुग्णांत हातापायांच्या कामात फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्यासाठी ही गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, तो वेगळा विषय आहे.

दुसऱ्याने हात हलवणं आणि ओढणं

आपण हात धरून हलवला तर सांधा मोकळा राहतो, पण रुग्णाने स्वतः हलवायचा प्रयत्न केल्याशिवाय शिकणं होत नाही. म्हणून आधी "तुम्ही सुरू करा" म्हणा, अडलं तिथून आधार द्या. आणि उठवताना तो हात कधीही ओढू नका. लुळ्या खांद्याचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नाहीत, खांदा निसटतो. मग दुखण्यापायी महिनोन्‌महिने सराव बंद पडतो. खांदा दुखायला लागला असेल तर डोक्यावर हात नेणारे व्यायाम थांबवून थेरपिस्टला दाखवा.

थकव्याच्या दिवशी हात मागे गेल्यासारखा वाटतो, झोप कमी झाली की तर नक्कीच. त्याला घाबरू नका, त्या दिवशी कमी करा. पण हात अचानक जड पडला, चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा शुद्ध हरपत असेल, तर "आज सराव जास्त झाला असेल" म्हणून वाट बघत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.