शाळेच्या ग्रंथालयाचं चॅनल उघडण्याआधी यादी

व्हॉट्सॲप चॅनल किंवा इन्स्टाग्राम पान पाच मिनिटांत उघडता येतं. पण पोस्ट पाहून आलेल्या मुलाला ते पुस्तक कपाटात सापडलं नाही, तर पुढच्या पोस्टकडे ते फिरकत नाही. म्हणून आधी यादी.

गूगल शीटमध्ये आठ रकाने पुरतात: दाखल क्रमांक (ग्रंथालय प्रत्येक प्रतीला देतं तो), आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीचा छापील ओळख क्रमांक), शीर्षक, लेखक, भाषा, विषय, कपाट व खण, स्थिती. काहीही भरण्याआधी पहिले दोन रकाने निवडून त्यांचं स्वरूप 'प्लेन टेक्स्ट' करा. नाहीतर ० ने सुरू होणाऱ्या १० अंकी आयएसबीएनमधला पहिला शून्य गळून जातो. बारकोड वाचणारा यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखाच वाटतो: तो आकडा टाइप करतो आणि बहुधा एंटरही दाबतो. त्यामुळे स्कॅन करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. मराठी चालू असेल तर देवनागरी अंक उमटू शकतात, आणि मग त्या क्रमांकाचा शोध लागत नाही. मलपृष्ठावर दोन बारकोड दिसले तर ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा घ्या. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतो. तिथे रकाना रिकामा सोडा.

एकाच पुस्तकाच्या तीन प्रती म्हणजे तीन ओळी. आयएसबीएन तोच, दाखल क्रमांक वेगळे. यादी 'साफ' करायच्या उत्साहात फक्त आयएसबीएनवरून दुहेरी नोंदी काढल्या, तर खऱ्या प्रतीही उडतात.

देवघेवीची नोंद, म्हणजे कोणी काय नेलं ते, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्याच फाइलमध्ये पान लपवून भागत नाही, कारण लिंक मिळालेला माणूस फाइलची प्रत काढून लपवलेलं पान उघडू शकतो. यादीच्या लिंकला फक्त पाहण्याची परवानगी द्या. आरक्षण, दंड, स्मरणपत्रं हे सगळं हवं असेल तर कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणक प्रणाली आहे. मात्र ती सर्व्हरवर बसवून सांभाळणारा माणूस नसेल, तर शीटच बरी.

यादीच्या लिंकचा क्यूआर कोड कपाटावर लावा. फुकट कोड देणाऱ्या काही संकेतस्थळांचा कोड आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि मुदत संपली की मरतो. छापण्याआधी स्कॅन करून पडद्यावर शीटचाच पत्ता येतो का ते बघा. आकारासाठी साधा हिशेब अंतराच्या दहाव्या हिश्श्याचा: ३० सेंटिमीटरवरून वाचायचा तर कोड किमान ३ सेंटिमीटर. भोवती पांढरी जागा सोडा. चकचकीत लॅमिनेशन नको, दिव्याची तिरीप पडली की कॅमेरा अडतो.

आता चॅनल. ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसतात, चॅनलच्या अनुयायांना दिसत नाहीत. शाळेसाठी एवढं कारण पुरे आहे. इन्स्टाग्रामला किमान वय १३ लागतं, त्यामुळे लहान वर्गांसाठीच्या पोस्ट पालकांना उद्देशून लिहा. खातं ग्रंथपालाच्या खासगी नंबरवर नको, शाळेच्या नंबरवर हवं, आणि ॲडमिन दोन हवेत. बदली झाली की खासगी नंबरसोबत चॅनलही जातं.

आठवड्याला दोन पोस्ट पुष्कळ झाल्या. एका पोस्टमध्ये एक पुस्तक, मुखपृष्ठाचा स्वतः काढलेला फोटो, चाळीसेक शब्द आणि कपाट-खण. हा शेवटचा तपशील बहुतेक पोस्टमध्ये राहून जातो, आणि मुलाला नेमका तोच हवा असतो. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकू नका. तो प्रताधिकाराचा भंग आहे. वाचायलाच काही द्यायचं असेल तर मुक्त परवान्याच्या, म्हणजे वाटायची परवानगी आधीच दिलेल्या, गोष्टी लेखक-चित्रकारांच्या नावानिशी द्या. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत. संमती नसेल तर हात आणि पुस्तक एवढंच चौकटीत घ्या, ओळखपत्र बाहेर ठेवा.

चॅनलवर मुलांना मजकूर लिहून मागणी करता येईलच असं धरून चालू नका. मागणीसाठी गूगल फॉर्मची लिंक जोडा: नाव, इयत्ता, दाखल क्रमांक. 'एकच प्रतिसाद' ही मर्यादा बंद ठेवा, कारण ती लावली की गूगल खात्यात शिरावं लागतं आणि खातं नसलेलं मूल तिथेच थांबतं. प्रतिसादांवर वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे बाहेर गेलेल्या पुस्तकाची रांग त्याच क्रमाने लावता येते.

लाइक मोजू नका. यादीत 'पोस्टची तारीख' हा नववा रकाना घाला आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत ते पुस्तक किती वेळा नेलं गेलं, ते देवघेवीच्या फाइलमधून काढा.