कुकरच्या शिट्टीला घाबरणारा कुत्रा: काय लागू पडलं

लक्षण: शिट्टी झाली की कुत्रा थरथरत पलंगाखाली. ओरडून, कुरवाळून, कुकरजवळ बसवून पाहिलं, भीती वाढलीच. वैताग नुसता!

लागू पडलं ते रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचं तत्त्व: एखाद्या आवाजापाठोपाठ दर वेळी खाऊ मिळाला, की कुत्रा त्या आवाजाला खाऊची खूण मानू लागतो. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली. आवाज इतका बारीक ठेवला की कान टवकारेल, पण पळणार नाही. आधी शिट्टी, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम उलटा नको, नाहीतर चिकन दिसताच संशय येतो. एरवी चिकन बंद. शिट्टी ऐकून तो आशेने बघायला लागला की आवाज किंचित वाढवायचा. तुकडा नाकारला तर पुन्हा कमी. तोवर खरा कुकर तो फिरायला गेल्यावरच लावायचा. शेवटी खरी शिट्टी: आधी स्वयंपाकघराचं दार लावून, मग उघडं ठेवून.

आता शिट्टी झाली की स्वारी ओट्याशी हजर, हा वेगळाच ताप.