आपली प्रार्थना आपणच कशी ऐकावी

आमच्या चर्चच्या मंडळीतली प्रार्थनासभा चालवताना माझे कान मागण्यांपेक्षा देवाला मारलेल्या हाकेकडे असतात. कोणी साहेबापुढे अर्ज ठेवावा तसा देवाशी बोलतो, कोणी घरच्या माणसाशी बोलावं तसा. तो स्वतःला देवाचा कोण समजतो, ते तिथेच कळतं. म्हणून नव्याने प्रार्थना शिकणाऱ्यांना मी सांगते, आधी स्वतःची ऐका.

आठवडाभर रोज प्रार्थना झाली की चार ओळी वहीत उतरवा. मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली (मत्तय ६:९-१३) प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, शेजारी ठेवून ती वही वाचा. मागण्याच जास्त निघाल्या तर लाजू नका, रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवलं. पण तिथे भाकरीच्या आधी पित्याचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा येते. आणि भाकर मागायची ती सगळ्यांसाठी. तुमच्या वहीत घराबाहेरचं कोणी आहे का, तेवढं पाहा. क्षमेची ओळ मात्र सगळे घाईने म्हणून टाकतात, कारण आपण इतरांना क्षमा केल्याचं त्यात बोलून जावं लागतं. तिथे मुद्दाम थांबा.

शब्द सुचत नसतील तर बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा, ती प्रार्थनागीतांचीच आहे. दीडशे स्तोत्रांत कृतज्ञता आहे तशी देवाशी भांडणंही आहेत. १३ वं स्तोत्र ‘किती वेळ?’ असं विचारतच सुरू होतं; ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. विश्वासणाऱ्याने गोडच बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे ८८ वं वाचायला देते. तक्रार करणारा निदान देव ऐकतोय हे धरून चालतो! वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, दूर करायची विनंती केली, मग पित्याच्या इच्छेवर सोडलं. तो क्रम पाळा. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही पळवाट होऊ देऊ नका.

चारचौघांत प्रार्थना करताना लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आठवा. उपवास, दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं) सगळं मोजून सांगितलं त्याने, वर शेजारी प्रार्थना करणाऱ्या, लोक पापी समजत त्या जकातदाराशी तुलना. आपली प्रार्थना शेजारच्याला उपदेश व्हायला लागली की सरळ आमेन म्हणावं.

‘येशूच्या नावाने मागतो’ म्हणण्याआधी मी स्वतःला विचारते: तो इथे बसला असता तर हे मागितलं असतं का? काही मागण्या तिथेच गळून पडतात.

प्रार्थनेत एखाद्याचं नाव सारखं टोचत असेल, तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वागा. मध्येच उठा, त्याच्याशी बोलून या, राहिलेली प्रार्थना मग करा.